माळ कोणाला देखणा वाटतो?

चौथीत असताना चित्रकलेच्या तासाला मी पहिले ‘निसर्गचित्र’ काढले. कागदाच्या वरच्या भागात दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधल्या खिंडीतून वर येणारा अर्धा सूर्य, पायथ्यापासून निघून खाली येता येता रुंद होत जाणारी निळी नदी, तिच्या काठी लाल कौलांचे घर आणि घरावर झुकलेले नारळाचे झाड. आभाळात चार-पाच पक्षी. महाराष्ट्रातल्या शाळांत शिकलेल्या बहुतेकांनी हे चित्र कधी ना कधी काढलेले आहे, आणि त्यांना ते आजही न बघता काढता येईल.

माझी शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका वाडीवर होती. वर्गाच्या खिडकीतून माळ दिसायचा. त्यावर मधूनच एखादी बाभळ नाहीतर बोर, आणि पलीकडे शंभू महादेवाच्या रांगेतले डोंगर. ते डोंगर टोकदार नव्हते. लाव्हाच्या आडव्या थरांचे बनलेले असल्यामुळे त्यांचे माथे कोयत्याने छाटल्यासारखे सपाट होते. आमची नदी माणगंगा. ती कुळकजाईजवळ सीतामाईच्या डोंगरात उगम पावते आणि पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते, पण आमच्या वाडीजवळ ती वर्षातले आठ-नऊ महिने वाळूचीच असायची. नारळ आम्हाला माहीत होता तो शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेत देवापुढे फोडतात म्हणून; त्याचे झाड वर्गातल्या एकानेही पाहिलेले नव्हते. तरीही आम्ही सगळ्यांनी नारळ काढला, आणि सगळ्यांचे डोंगर त्रिकोणी होते.

पुढच्या वर्षी मी खिडकीतून दिसणारा माळ काढला. अर्ध्याहून अधिक कागद पिवळट तांबूस रंगवला, वर सपाट डोंगरांची एक ओळ काढली, एका बाजूला बाभळ आणि तिच्या सावलीत बसलेली मेंढरे. गुरुजींनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि मनापासून विचारले, “बाळ, यात निसर्ग कुठे आहे?” ते रागावले नव्हते. ते कृष्णाकाठच्या बागाईत गावचे होते, उसाच्या मळ्यांत आणि नदीच्या घाटावर वाढलेले. माझ्या कागदावर त्यांना निसर्ग खरोखरच दिसला नव्हता. आता मी स्वतः साताऱ्यात भूगोल शिकवते, आणि त्या एका प्रश्नाने अजून माझी पाठ सोडलेली नाही.

सातारा जिल्हा या प्रश्नासाठी जणू मुद्दाम आखून ठेवल्यासारखा आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आत-बाहेर असतो, आणि तोही दरवर्षी येईलच याचा भरवसा नाही. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्यावर चढताना रिते होतात आणि आमच्यापर्यंत पोहोचते ते बहुधा वारे. दोन टोकांमधले अंतर एसटीने एका दिवसात जाऊन येण्याइतके आहे. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली, एकच भाषा बोलणारी आणि एकाच पंढरपूरच्या वाटेला लागणारी माणसे इथे राहतात; पण ‘छान जागा’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते एकमेकांशी अजिबात जुळत नाही.

माझ्या आजीच्या बोलण्यात ‘निसर्ग’ हा शब्द मी कधीच ऐकला नाही. ती रान म्हणायची, शिवार म्हणायची, माळ म्हणायची. पाणी साठून ओल धरून राहणारी सखल जागा म्हणजे लवण, पावसात तेवढ्यापुरती वाहणारी ओघळ, दोन शेतांमधून जाणारी पाणंद. जमिनीची नावे तर कितीतरी: काळी, तांबडी, मुरमाड, खडकाळ, चुनखडीची. हे सगळे शब्द पाण्याचे आणि कामाचे आहेत. कुठे पाणी मुरेल, कुठे बैल घसरेल, कुठे ज्वारी रब्बीत केवळ ओलीवर येईल, हे त्या शब्दांतच साठवलेले आहे. भूगोलाच्या पुस्तकात मी ‘भूरूपे’ शिकवते, तेव्हा आजीचा हा शब्दसाठा किती नेमका होता हे मला दरवर्षी नव्याने जाणवते.

तिला देखणे काय वाटायचे हे मी फार जवळून पाहिले आहे. ओढ्याकाठी आमचा काळ्या जमिनीचा दीड एकराचा तुकडा होता. हस्ताचा पाऊस होऊन गेला आणि ज्वारी वीतभर आली की आजी संध्याकाळी बांधावर जाऊन बसायची. बसायची म्हणजे काहीही न करता बसायची, आणि काहीही न करता बसलेली ती मला एरवी कधी दिसायची नाही. एकदा मी शेजारी जाऊन बसले तर ती म्हणाली, “बघ, कसं देखणं दिसतंय रान.” मी पाहिले: काळ्या मातीवर हिरव्या रेघा, त्यांच्या टोकाशी दोन बगळे, आणि पाऊस झाल्यामुळे अजून भेगा न पडलेली जमीन. मला त्यात विशेष काही दिसले नाही. पुढे दुष्काळाची दोन-तीन वर्षे ओळीने अनुभवली तेव्हा, भेग नसलेल्या काळ्या मातीकडे पाहून माणसाला काय वाटते ते समजले.

पण आजीला माळ मात्र देखणा वाटत नव्हता. हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण ‘जिथे वाढलो तीच जागा आपल्याला सुंदर वाटते’ असे आपण सहज म्हणून जातो, आणि ते पुरते खरे नाही. आजीच्या लेखी माळ म्हणजे काही न पिकणारी जमीन. तो देखणा वाटायचा तो धनगरांना. दिवाळीनंतर आमच्याकडचे कळप बाहेर पडत, काही कृष्णाकाठाकडे आणि काही थेट घाट उतरून कोकणात, आणि मृगाच्या सुमारास परत येत. आमच्या पडीक रानात ज्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसायचा त्या धनगर आजोबांना मी एकदा विचारले होते, की कोकण एवढे हिरवेगार आहे तर तुम्ही तिथेच का राहत नाही. ते म्हणाले, “हिरवं बघून भुलू नये पोरी. चिखलात मेंढराचा खूर सडतो. मेंढरू कोरड्या माळाचं.” मग त्यांनी मला हाताला धरून माळावर नेले आणि गवते दाखवली. हे मारवेल, हे पवन्या, हे कुसळ. कुसळ कोवळे आहे तोवर चारून घ्यायचे, कारण पिकले की त्याचे काटे लोकरीत शिरतात आणि पार कातड्याला टोचतात. मारवेलाची काडी तोडून त्यांनी ती माझ्या नाकाशी धरली. तोवर तो माळ मला एकाच रंगाचा दिसत होता; त्या दिवसानंतर तो तसा कधीही दिसला नाही.

म्हणजे एकाच वाडीत, एकाच पावसाखाली, आजीचा देखणा तुकडा वेगळा होता आणि धनगर आजोबांचा वेगळा. हवापाणी दोघांना सारखेच होते. वेगळे होते ते हातातले काम. परिसर माणसाची नजर घडवतो हे खरे, पण तो परस्पर घडवत नाही. तो आधी माणसाला काम लावतो आणि ते काम नजर घडवते. गुरुजींच्या बाबतीत यात आणखी एक थर होता, तो शिकलेल्या चित्राचा. त्या चित्राचा माग काढत गेले की माणूस महाबळेश्वरला पोहोचतो.

मी सातवीत असताना वडिलांनी आजीला आणि मला श्रावणात महाबळेश्वरला नेले. आधी क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुने गाव. तिथे पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून पडते. आजीने पदर सावरला, दोन्ही हात त्या धारेखाली धरले आणि ती तशीच उभी राहिली. मागे रांग लागली होती, पुजारी पुढे सरकायला सांगत होते, पण तिचे लक्ष नव्हते. दगडातून अखंड येणारे पाणी तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले होते. येताना तिने बाटली भरून घेतली आणि घरी आल्यावर ते पाणी आमच्या विहिरीत सोडले.

तिथून आम्ही ऑर्थर सीटला गेलो. धुके होते. शहरातून आलेली मंडळी हळहळत होती, की इतक्या लांब येऊन काहीच दिसत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी धुके फाटले आणि खाली सावित्रीचे खोरे उघडले. लोकांच्या तोंडून एकदम “वाऽ!” निघाले. आजी कठड्यापासून चार पावले मागेच थांबली होती. तिने मान उंचावून पाहिले आणि वडिलांना विचारले, “खाली काही पेरलंय का?” वडील म्हणाले, नुसते जंगल आहे. त्यावर ती म्हणाली, “मग एवढी माणसं बघत्यात काय?” हा तिचा अडाणीपणा आहे असे त्या वेळी वाटून मी ओशाळले होते. त्या ओशाळण्याची मला आज अधिक लाज वाटते. तिला महाबळेश्वर दिसलेच होते, आणि माझ्यापेक्षा खोलवर दिसले होते. ते फक्त गोमुखापाशी दिसले होते.

कड्याच्या काठावर उभे राहून दरीकडे केवळ पाहण्यासाठी पाहणे ही सवय आपल्याकडे फार जुनी नाही. सह्याद्रीचे कडे आपल्या माणसांना ठाऊक होते ते किल्ल्याचा पहारा म्हणून, कोकणात उतरणारी घाटवाट म्हणून, देवाचे ठाणे म्हणून. शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढवणारे लोक ती उभी चढण दरवर्षी अंगावर घेतात, पण त्या चढणीचा ‘व्ह्यू’ पाहायला कोणी थांबत नाही. तिथे डोळे पायाखालच्या दगडावर आणि खांद्यावरच्या कावडीवर असतात.

महाबळेश्वरचे ‘पॉइंट’ इंग्रजांनी आणले. जनरल लॉडविक १८२४ साली तिथे चढून गेले, १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथे आरोग्यस्थान वसवायला घेतले, आणि १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन ती जागा कंपनीच्या ताब्यात आली. उन्हाळ्यात आजारी पडणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना थंड हवा हवी होती, हे मुख्य कारण. पण त्यांच्याबरोबर एक नवी नजरही आली, आणि ती त्यांच्या स्वतःच्या देशातही तेव्हा फार जुनी नव्हती. सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडमधले शिकलेले लोक डोंगरांना पृथ्वीच्या अंगावरच्या चामखिळींची उपमा देत. आल्प्स ओलांडणारे प्रवासी तो त्रास कधी संपेल याची वाट पाहत. अठराव्या शतकात हे पालटले. अतिभव्य आणि किंचित भीती घालणारे दृश्य दुरून, सुरक्षित जागेवरून पाहण्यात एक उदात्त आनंद आहे, अशी गोडी कवींनी आणि चित्रकारांनी तिथल्या सुशिक्षित वर्गात रुजवली. ती गोडी घेऊन आलेल्या माणसांनी महाबळेश्वरच्या कड्यांवरच्या नेमक्या जागा निवडल्या, तिथपर्यंत घोड्याचे रस्ते काढले आणि त्यांना नावे दिली.

ती नावे जुन्या नावांशेजारी ठेवून पाहावीत. आजचा केट्स पॉइंट पूर्वी नाके खिंड होता. विल्सन पॉइंटच्या टेकडीचे नाव सिंदोळा. खिंड म्हणजे जिथून पलीकडे जाता येते ती जागा. पॉइंट म्हणजे जिथे थांबून पाहायचे ती जागा. एका शब्दात चालणारा माणूस आहे, दुसऱ्यात उभा राहिलेला. आज आपण ‘पॉइंट’ हा शब्द इतका आपला केला आहे, की सनसेट पॉइंट नसलेले थंड हवेचे ठिकाण आपल्याला अपुरे वाटते. माझ्या चौथीतल्या चित्रातला सूर्यही अशाच एखाद्या पॉइंटवरून पाहिलेला होता, असे मला आता वाटते. नदी तिरकी खाली येणारी, डोंगर मागे, आणि पाहणारा उंचावर, चित्राच्या बाहेर. गोमुखाखाली हात धरलेली बाई त्या चित्रात कुठेही मावत नाही.

याचा अर्थ ती नजर परकी म्हणून खोटी, असे मी म्हणणार नाही. ऑर्थर सीटवर धुके फाटले तेव्हा माझाही श्वास अडखळला होता, आणि तो खराच अडखळला होता. शिकलेली गोडीही गोडीच असते. माझी तक्रार एवढीच आहे, की ही एक गोडी शिकवताना आम्हाला बाकीच्या विसरायला लावल्या गेल्या.

अमेरिकेत बॉलिंग आणि फॉक या दोन संशोधकांनी १९८२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, तो मी वर्गात अनेकदा सांगते. त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना पाच प्रकारच्या प्रदेशांची छायाचित्रे दाखवली: घनदाट वर्षावन, पानझडी जंगल, सूचिपर्णी जंगल, वाळवंट आणि सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडांचे मोकळे गवताळ मैदान. इथे राहायला किंवा फिरायला आवडेल का, असा प्रश्न होता. आठ वर्षांच्या मुलांनी सॅव्हानाला सर्वाधिक पसंती दिली, जरी त्यांनी तसा प्रदेश पाहिलेला नव्हता. पंधराव्या वर्षाच्या पुढच्या लोकांत मात्र ओळखीची जंगले सॅव्हानाच्या बरोबरीला आली. २०१० साली त्यांनी नायजेरियातल्या वर्षावनाच्या पट्ट्यात राहणाऱ्या लोकांत तसाच अभ्यास केला, तेव्हा तिथेही सॅव्हानाच पुढे राहिला. यावरून मानवाच्या उत्क्रांतीविषयी जे अनुमान काढले जाते त्यावर वाद आहेत आणि त्यात मी पडत नाही. मला खिळवून ठेवते ते वेगळेच. विरळ झाडांचे मोकळे गवताळ मैदान म्हणजे आमचा माळच की! जे दृश्य कुठल्याही शिकवणुकीआधी मुलाला बोलावते, तेच खिडकीबाहेर असताना आम्ही चाळीस मुले खाली मान घालून नारळ रंगवत होतो.

नजर शिकवता येते याचे ताजे उदाहरण पाहायचे असेल तर कासला जावे. साताऱ्यात राहणाऱ्यांना पूर्वी कास म्हणजे कासचा तलाव, कारण शहराला पिण्याचे पाणी तिथून येते. तलावाआधीचा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, हा वाटेतला ओसाड भाग. साधारण बाराशे मीटर उंचीवरचा हा सडा. त्यावर माती जेमतेम बोटभर, आणि तीही जागोजागी. झाड तिथे तगत नाही, म्हणूनच लहान फुलझाडांना ती जागा मोकळी मिळते. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत कासचे नाव आले, वर्तमानपत्रांत गुलाबी-जांभळ्या गालिच्याची छायाचित्रे झळकली, आणि ज्या सड्याकडे कोणी मान वळवून पाहत नव्हते तिथे भाद्रपदात दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालावी लागली.

फुलांच्या नावांत हा प्रवास फार स्पष्ट दिसतो. पाणथळ जागेत उगवणाऱ्या, बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून जगणाऱ्या त्या निळ्या-जांभळ्या फुलाला आपल्याकडे सीतेची आसवे म्हणतात. फूल करंगळीच्या नखाएवढे. वाकून पाहिले तर पाकळीवरचा दवाचा थेंब आणि फूल यांत फरक करता येत नाही, आणि ज्याने कोणी ते नाव ठेवले तो असाच वाकला असणार. शेजारीच स्मिथियाचे पिवळे फूल असते, त्यावर दोन तांबडे ठिपके. त्याला आता सगळे जण मिकी माऊस म्हणतात. याच गटातल्या कवल्याची घाटमाथ्यावर पावसाळ्यात भाजी करतात. एकाच सड्यावर रामायण, स्वयंपाकघर आणि दूरदर्शन अशा तीन काळांतली नावे शेजारी-शेजारी डोलत असतात. मुलांना मी तिन्ही नावे सांगते आणि त्यातले एकही टाकून द्यायला सांगत नाही.

कारवीचेही तसेच. सात-आठ वर्षांनी एकदा डोंगर जांभळा करणारी कारवी पाहायला आता गाड्या भरून लोक जातात. डोंगरातल्या घरांना कारवी ठाऊक आहे ती कुडाच्या भिंतीसाठी. सरळ काठ्या उभ्या-आडव्या विणून वर शेणामातीचा गिलावा. फुलोऱ्याचे वर्ष म्हणजे त्यांच्यासाठी मधाचे वर्ष. कासच्या सड्यावर गर्दी आवरण्यासाठी जाळीचे कुंपण घातले गेले आणि काही वर्षांनी ते काढण्यात आले. गुरे चरायची थांबल्यावर गवत माजले आणि फुले मागे पडली, असे आसपासच्या गावांतले लोक सांगत होते. त्यांच्या दृष्टीने गुरे हा त्या सड्याचाच भाग होता. पाहायला आलेल्यांच्या दृष्टीने गुरे म्हणजे छायाचित्रात नको असलेली गोष्ट.

माळाच्या नशिबी मात्र असा गालिचा नाही, आणि ‘निसर्ग कुठे आहे’ हा प्रश्न इथे येऊन केवळ चित्रापुरता राहत नाही. महसुलाच्या कागदांत माळ ‘पड’ किंवा ‘पोटखराबा’ असतो. २००० सालापासून देशाच्या पडीक जमिनींचे जे अधिकृत नकाशे निघत आहेत त्यांतही गवताळ, झुडपी जमीन मोठ्या प्रमाणावर ‘वेस्टलँड’ म्हणून दाखवली जाते. ज्या जमिनीला आधीच वाया गेलेली म्हटले, तिथे काहीही केले तरी ती सुधारणाच ठरते. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात तेहतीस कोटी झाडे लावण्याची मोहीम झाली तेव्हा आमच्या माळावरही खड्डे पडले. झाडे लावणाऱ्यांत माझे विद्यार्थी होते, मीही होते. सगळ्यांचा हेतू चांगला होता. बोटभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली खडक. बरीच रोपे पुढच्या उन्हाळ्यात वाळली, आणि जगली त्यांत बहुसंख्य ग्लिरिसिडियाची होती, जे झाड गुरे खात नाहीत म्हणूनच निवडले जाते. धनगर आजोबांचा मुलगा त्या झाडांकडे पाहून म्हणाला, “ताई, सावली हाय, पण चारा न्हाय.”

पाणी मुरवण्यासाठी माळावर चर खणल्यामुळे आमच्या विहिरींना पाणी टिकले, हे मी नाकारत नाही. त्या पाण्याची किंमत मला कोणी सांगायला नको. पण प्रत्येक उघड्या जमिनीवर झाड उभे राहिलेच पाहिजे, हा हट्ट त्या शाळेतल्या चित्रातून आलेला आहे. माळावरचे खोकड, लांडगा, चिंकारा, माळटिटवी आणि धाविक नावाचा जमिनीवर पळणारा पक्षी यांना झाडी नको आहे, त्यांना मोकळे नजरेचे अंतर हवे आहे. माळढोकाच्या तर नावातच माळ आहे. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले, आणि आज तो पक्षी तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. वाघासाठी जंगल राखावे हे आपल्याला पटते, कारण जंगल आपल्याला सुंदर दिसते. धाविकासाठी गवत राखावे हे पटायला आधी गवत दिसावे लागते.

गेल्या कार्तिकात मी वाडीला गेले होते. अलीकडच्या वर्षांत जिहे-कठापूर योजनेचे पाणी आमच्या तालुक्यात आले आहे. कृष्णेवर कठापूरला अडवलेले पाणी उचलून खटावातल्या नेर तलावात आणि तिथून बोगद्याने आंधळीच्या धरणात येते. गोमुखातून पडलेले ते पाणी, जे आजीने बाटलीतून आमच्या विहिरीत सोडले होते, ते आता नळ्यांतून आणि पाटांतून येते. ते पाहायला आजी राहिली नाही. तिच्या काळ्या तुकड्यावर माझ्या चुलत भावाने ऊस केला आहे. तो मला बांधावर घेऊन गेला आणि छाती भरून म्हणाला, “बघ ताई, कसं कोल्हापुरावानी झालंय.” विहिरीजवळ त्याने दोन नारळ लावले आहेत. एकाची झावळी कौलांवर आली आहे. मला भरून आले, कारण त्याचा अभिमान खरा होता आणि त्यामागे तीन पिढ्यांची तहान होती.

त्याचा मुलगा चौथीत आहे. ओट्यावर बसून तो शाळेसाठी चित्र काढत होता: डोंगर, सूर्य, नदी, घर, नारळ. त्याच्या चित्रात आता खोटे फारसे काही राहिले नव्हते. त्रिकोणी डोंगर तेवढे सोडले तर. मी त्याला म्हटले, विहिरीच्या पलीकडचा माळ राहिला की. तो म्हणाला, “आत्या, त्याला रंग कोणता द्यायचा?” मी पिवळा सांगितला, त्याने लावून पाहिला आणि नाही म्हणाला. त्यात थोडा तपकिरी घातला, मग केशरी. कुसळ नुकतेच पिकले होते, आणि पिकलेल्या कुसळाला उन्हात जी तांब्यासारखी झाक येते ती काही केल्या कागदावर उतरेना. शेवटी त्याने ब्रश धुतला, कागदाखाली पाटी घेतली आणि विचारले, “जवळ जाऊन बघूया का?” उतरते ऊन होते. आम्ही उसाच्या कडेने पाणंदीला लागलो, ओघळ ओलांडली आणि माळावर चढलो. त्याच्या पायाजवळून एक धाविक पळत निघाला, थोड्या अंतरावर थांबला आणि ताठ मानेने आमच्याकडे पाहू लागला. त्याचा रंग गवताच्या रंगाशी इतका मिळालेला होता, की पोराला तो दाखवायला मला तीनदा बोट करावे लागले.